महिलांची सोय

४ जानेवारी

प्रिय ठके,

तुझं पत्र मिळालं. खोलीला दिलेला रंग, खिडकीतून दिसणारं झाड, माझ्यासाठी कपाटात रिकामे केलेले कप्पे, सगळं वाचलं. डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. पण मी इतक्यात येत नाही.

'तुझं तिथे आता काय अडलंय?' असं तू विचारतेस. खरंच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पुढे-मागे कोणी नाही, घरही भाड्याचं. पण आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून दिली, आता कान रिकामे झाले तर लोक थेट दारातच येतात. रस्त्यावरचा दिवा गेला, चला बाईंकडे. वाचनालयाचं छप्पर गळतंय, चला बाईंकडे. मी नगरपालिकेच्या पायऱ्या चढायला लागले की शिपाई आत ओरडतो, "अर्जवाल्या बाई आल्या हो!" आणि कारकून बिचारा लगेच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागतो.

सध्याचा अर्ज जरा नाजूक आहे. बाजाराच्या मागे बायकांसाठी एक लहानशी इमारत बांधली आहे. पांढऱ्या फरशा, नळ, भिंतीवर बाईचं चित्र. मागच्या वर्षी थाटात उद्घाटन झालं आणि त्याच संध्याकाळी बाहेरच्या दाराला कुलूप लागलं. ते आजपर्यंत. जाळीतून डोकावलं की आतलं बेसिन चमकताना दिसतं. मी कारकुनाला किल्ली मागितली तर म्हणाला, "बाई, वापरलं की घाण होतं."

"मग बांधलं कशाला?"

"मार्चमध्ये समिती येते ना. स्वच्छ शहराची ढाल मिळायची आहे आपल्याला."

हसू नकोस. आमच्या भाजीवाल्या मावशी उजाडायच्या आधी येऊन बसतात आणि अंधार पडल्यावर उठतात. दिवसभरात पाण्याचा थेंब घेत नाहीत. गेल्या महिन्यात भर बाजारात चक्कर येऊन पडल्या. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. मावशी मला बाहेर येऊन म्हणतात, "बाई, प्यायला पाणी आहे हो. पुढचं काय करू?"

म्हणून काल अर्ज दिला. शाळेत सिस्टरनी गिरवून घेतलेल्या त्या वळणदार अक्षरात विषय लिहिला, 'बाजारातील महिलांची सोय व्हावी याबाबत.' दुसरा शब्द लिहायला पेन धजेना. 'सोय' म्हटलं की शहाण्याला समजतं.

ते कुलूप निघालं की मी तुझ्याकडे आलेच समज. तोवर त्या कप्प्यांत तुझेच कपडे ठेव.

तुझी,
ताई

---

१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी दुपारी एकटीनेच वाचलं ते बरं झालं. तू काय काय लिहितेस गं! पण अर्जात 'सोय' लिहिलंस हे फार छान केलंस. सभ्य शब्द आहे. आपल्या आईने जन्मभर 'तिकडे' या एका शब्दावर निभावलं. आणि शाळेत आपण काय म्हणायचो आठवतं? "मे आय बी एक्स्क्यूज्ड, सिस्टर?" म्हणजे जणू आपल्याकडून काही गुन्हाच घडणार आहे आणि त्याची आधीच माफी मागतोय.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. (हो, सांगितलं. वकिलाच्या घरात काही लपत नाही.) ते म्हणाले, अर्ज दिला आहे ना, मग आता ताईंनी शांत बसावं, नगरपालिका तिचं काम करील. आणि पुढे म्हणाले, "तुझ्या ताईला शांत बसता येतं का, हा वेगळा मुद्दा." म्हणजे तुझ्यावर त्यांचा जीव आहे हे लक्षात घे.

तू म्हणशील, मग तूच येऊन जा. यायची फार इच्छा आहे गं. पण माझे गुडघे. इतका वेळ बसमध्ये बसायचं म्हणजे नको वाटतं. मागच्या वर्षीही गुडघ्यांमुळेच राहिलं.

पडदे निळे लावू की पिवळे, ते कळव.

तुझी,
ठकी

---

२ फेब्रुवारी

प्रिय ठके,

पडदे राहू दे. आधी ऐक.

अर्ज मंजूर झाला! नगरपालिकेचा माणूस घरी येऊन निमंत्रणपत्रिका देऊन गेला, 'महिलांच्या सोयीचे लोकार्पण, आपल्या शुभहस्ते.' माझ्या, ठके! मी ठेवणीतला चष्मा लावला, केस नीट विंचरले, मावशींना म्हटलं, आज जरा पाणी प्या, आज कुलूप निघणार. सगळ्या बाजारातल्या बायका आल्या. अध्यक्ष आले. आपला अध्यक्ष तोच, ज्याच्या जन्माची बातमी मी त्याच्या बापाला ट्रंक कॉल लावून दिली होती. तेव्हा बाप ओरडला होता, "आवाज येत नाही, मुलगा का मुलगी?" आता मुलाचा आवाज सगळ्या गावाला येतो.

तर फीत होती. पण ती त्या इमारतीला नव्हती. चौकात, वडाखाली, एक सिमेंटचं बाक ठेवलं होतं. पाठीवर अध्यक्षांचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात 'महिलांची सोय'.

मी कात्री हातात घेऊन उभी. माझ्या मागे मावशी. त्यांनी कानात विचारलं, "बाई, इथे? उघड्यावर?"

मी फीत कापली. काय करणार, सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे होते. मग माझ्या हातात माइक दिला. मला वाटतं आभाराचे दोन शब्द अपेक्षित होते. मी म्हणाले, "मी सोय मागितली आणि मला बाक मिळालं. यात अध्यक्षांची चूक नाही. मला जे हवं होतं त्याचं नाव घ्यायला मी लाजले, म्हणून हे झालं. आता नाव घेते. मला मुतारी हवी होती."

लाउडस्पीकर नवा आहे, ठके. पार नदीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

अध्यक्ष स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. आणि मागून मावशींचा खणखणीत आवाज आला, "अगदी बरोबर! बसलेल्या तर आम्ही दिवसभर असतोच!"

त्यानंतर जे हशे पिकले ते थांबेनात. अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्या वयाला शोभत नाही." मी म्हटलं, "माझ्या वयाला तर ती सगळ्यात जास्त लागते." म्हणाले, समिती येऊन जाऊ दे, मग बघू. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते, मी कारकुनाला विचारून घेतलंय.

आता 'सोय' हा शब्द माझ्या तोंडून यायचा नाही.

तुझी,
ताई

---

१० फेब्रुवारी

ताई,

तू हे पोस्टकार्डावर लिहिलं नाहीस एवढे तरी उपकार केलेस म्हणून देवाचे आभार मानले. पण वर्तमानपत्राने ती कसर भरून काढली! इथल्या पेपरात आतल्या पानावर आलंय, 'निवृत्त ऑपरेटर बाईंचा अध्यक्षांना घरचा आहेर'. शेजारीण हातात घेऊनच आली. "ही तुमचीच का हो बहीण?" मी म्हणाले, "नावात साम्य असेल." मग ती गेल्यावर मला इतकं वाईट वाटलं की पेपरातली ती चौकट कापून उशीखाली ठेवली.

ताई, मी तुझ्यासारखी नाही. तू नेहमी पुढे. मी तुझ्या मागे, तुझ्या दप्तराचा पट्टा धरून. माझ्याच्याने असलं काही वाचतानासुद्धा कान तापतात. हे तर रागावलेच आहेत. म्हणतात, सार्वजनिक ठिकाणी पदाधिकाऱ्याचा अवमान. मी विचारलं, "मुतारी म्हणणं हा अवमान आहे का?" तर ह्यांनी चमचा खाली ठेवला. ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला. मग मीच विषय बदलून भाताबद्दल बोलले.

आता पुरे कर ना. इकडे ये. इथे बागेतल्या बायकांचा एक वाचनाचा गट आहे, तुला आवडेल. मी हल्ली जात नाही, गुडघ्यांमुळे. पण तू जा.

ठकी

---

२० फेब्रुवारी

माझ्या लाडक्या ठके,

तुझे गुडघे रोज तीन मजले चढून गच्चीत कपडे वाळत घालतात. मागे दिवाळीच्या पत्रात तू गच्चीतल्या कबुतरांचं वर्णन केलं होतंस. मग बागेत जाताना आणि बसमध्ये बसताना त्यांना काय होतं?

तू सांगू नकोस. मी सांगते, कारण माझंही तेच आहे. घरातून निघताना एकदा जाऊन यायचं, कुलूप लावून पुन्हा उघडून आणखी एकदा जाऊन यायचं. चहा नको म्हणायचं. कुठे लग्न असेल तर आधी मनात नकाशा काढायचा, कुणाचं घर जवळ आहे, कुणाकडे हक्काने जाता येईल. मग एक दिवस वाटतं, जाऊ दे, कशाला जायचं. आणि लोकांना सांगायचं, गुडघे. आपल्या वयाच्या निम्म्या बायकांचे गुडघे असेच दुखतात, ठके. डॉक्टरकडे जाऊन ये. औषध असतं. पण औषधाने सगळं भागत नाही, दारही उघडं लागतं.

तुला शाळेतला तो दिवस आठवत असेल. नसेल तर बरं. तू बालवर्गात होतीस. मी सिस्टरची वही द्यायला तुझ्या वर्गात आले होते. तू बोट वर करून उभी होतीस आणि सिस्टर म्हणत होत्या, "वेट, चाइल्ड." त्या वाईट नव्हत्या, मला त्यांचा तो साबणाचा वास अजून आवडतो. पण त्यांना कविता संपवायची होती. आणि मग तू बोट खाली घेतलंस. रडली नाहीस. नुसती आपल्या पांढऱ्या मोज्यांकडे बघत राहिलीस.

खिडकीत फुलांना पाणी घालायची झारी होती. ती माझ्या हातून तुझ्या बाकावर उपडी झाली आणि अख्खी रांग भिजली. सिस्टरनी मला प्रार्थनेपर्यंत गुडघ्यांवर बसवलं. तू पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायचीस, "आमची ताई फार धांदरट." मी कधी खोडून काढलं नाही. आज काढते. मी धांदरट नव्हते.

आणि आजही नाही. काय करायचं ते आम्ही ठरवलंय. इथे लिहीत नाही, कारण तुमच्या घरात कायदा पत्रं वाचतो.

तुझी,
ताई

---

(पोस्टकार्ड)

३ मार्च

ठके,

आज सकाळी आम्ही सगळ्याजणी आत गेलो. मावशी, शिंपीणबाई, मी, बाजारातल्या झाडून साऱ्या. अध्यक्ष फार चिडलेत. पोलिसही येऊन गेले. पण तू काळजी करू नकोस. आत स्वच्छ आहे, पाणी आहे. मी मागे हटणार नाही. घाईत आहे, बाहेर रांग लागली आहे.

ताई

---

६ मार्च

ताई, ताई, ताई,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू तेच कळत नाही. घराच्याच पत्त्यावर टाकते, कोणीतरी तुला आत नेऊन देईल.

आत! या वयात! आणि वर लिहितेस, काळजी करू नकोस, पाणी आहे! तुझं कार्ड वाचून मी जिन्यातच बसले. ह्यांना हाक मारली. त्यांनी दोनदा वाचलं आणि कपाटातून काळा कोट काढला. तो आता पोटावर लागत नाही. तरी ते बटणं ओढत बसले होते. म्हणाले, "म्हाताऱ्या बायकांना कोठडीत टाकतात? कुठल्या कलमाखाली? मला बघू दे तरी!" तुझ्यावर रागावलेला माणूस हा. फोन लावायचा तर तुझा फोन गेले कित्येक दिवस बंद, आणि ऑपरेटर म्हणवतेस!

आणि मी काय केलं माहीत आहे? ह्यांना जामिनाची पुस्तकं शोधू दिली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून तुमच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. ह्यांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी 'विनम्र' वगैरे घातलं असतं. माझ्याजवळ नक्कल आहे, तुला उतरवून देते.

'अध्यक्ष महाशय, आपण माझ्या बहिणीला आणि बाजारातल्या कष्टकरी बायकांना कोंडून ठेवलं आहे, असं समजलं. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी मुतारी मागितली. मुतारीला कुलूप आणि कोठडी उघडी, अशी आपल्या गावची स्वच्छता आहे. मी आजवर कोणालाही रागाचं पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे यात काही कमी राहिलं असेल तर ते राग कमी आहे म्हणून नव्हे, सवय नाही म्हणून. आपल्या समितीलाही या पत्राची प्रत पाठवत आहे, म्हणजे बक्षीस देताना त्यांना बाकाच्या पलीकडेही बघता येईल.'

समितीचा पत्ता पेपरात होता. पोस्टात मी स्वतः गेले.

ताई, झारीचं वाचलं.

कशी आहेस? मारत वगैरे नाहीत ना?

ठकी

---

१० मार्च

अगं वेडे, अगं माझ्या शूर वेडे,

आत म्हणजे मुतारीत!

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की मला पुन्हा आत जावं लागलं. कोणी पकडलं नाही आम्हाला. मी माझ्या घरी, माझ्या खुर्चीत आहे. फोनचं बिल भरायचं राहून गेलं होतं, बाकी काही नाही.

झालं ते असं. कुलूप हे एवढं थोरलं, पण दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला! ठेकेदाराची कृपा. शिंपीणबाईने आपल्या मशीनचा पेचकस आणला, मावशींनी दार धरलं, मी आजूबाजूला लक्ष ठेवलं. दार कुलपासकट अलगद हातात आलं. आतल्या कप्प्यांना आपापली दारं आहेत, त्यामुळे लाजेचं काही कारण नाही. सगळ्यांत आधी मावशी गेल्या. बाहेर आल्या आणि समोरच्या नळाला ओंजळ लावून घटाघटा पाणी प्यायल्या. भर बाजारात, सगळ्यांसमोर. मी त्यांना पहिल्यांदाच पाणी पिताना बघितलं.

पोलीस आला तो चौकशी करून, खाली मान घालून निघून गेला. त्याची आई रांगेत उभी होती.

आम्ही मिळून पाळ्या लावल्या आहेत. झाडणं-पुसणं, साबण, सगळं. आणि एक्स्चेंजमध्ये आम्ही जे करायचो तेच इथे चालू केलंय. तिथे बोर्ड सोडून उठता यायचं नाही, म्हणून हात वर करून 'रिलीफ' म्हणायचं, की बाजूची आपला हेडफोन सोडून तुझा घ्यायची. कोणी कधी 'थांब' म्हणालं नाही. इथेही तसंच. मावशींनी हात वर केला की मी त्यांच्या भाजीपाशी जाऊन बसते. परवा मी एका गिऱ्हाइकाला मेथी म्हणून कोथिंबीर दिली.

आता तुझ्या पत्राचा प्रताप. अध्यक्ष ते हातात घेऊन घामाघूम होत माझ्याकडे आले. "बाई, तुम्हाला कोणी पकडलंय का? मग ही कोण बाई आहे? समितीवाल्यांचा मला फोन आला!" मी म्हटलं, "ती माझी धाकटी बहीण. फार भित्री आहे." म्हणाले, "ही भित्री?" ठके, मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

त्यांना दार परत हवंय, समिती यायच्या आत. नाहीतर सरकारी मालमत्तेच्या चोरीची तक्रार करणार. नोटीसही आली आहे, माझ्या एकटीच्या नावाची. दार कुठे लपवलेलं नाही, बाजारातच आहे. मावशींनी ते विटांवर आडवं टाकून त्यावर पालक मांडलाय.

समिती वीस तारखेला येते. तू ये, ठके. मी एकटीने खूप अर्ज केले. हा अर्ज तुला करते.

तुझी,
ताई

---

२२ मार्च

अहो,

मी सुखरूप पोचले. तुम्ही स्टँडवर 'गुडघे सांभाळ' म्हणालात तेव्हा मी 'हो' म्हणाले. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला वाटेत दोनदा उतरावं लागतं, एवढंच माझं दुखणं आहे. इतकी वर्षं तुम्हालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे आपण बरोबर जाऊ.

बसमध्ये निम्म्या वाटेवर मला राहवेना. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, मुतारी असेल तिथे थांबवा." तो म्हणाला, "आजी, थांबा नाही हो." मी म्हटलं, "थांबा करा." आणि मागे वळून बघते तर बसमधल्या जवळजवळ सगळ्या बायका उठून उभ्या! त्यांच्यात एक सुटाबुटातली, एक कॉलेजातली मुलगी. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि मुकाट्याने पेट्रोल पंपावर गाडी घेतली.

परवा समिती आली. अध्यक्षांनी त्यांना आधी बागेत नेलं, मग त्या बाकाकडे. समितीत एक पोक्त बाई होत्या. त्यांनी पर्समधून एक कागद काढला. अहो, माझं पत्र! म्हणाल्या, "बाक छान आहे. मुतारी कुठेय?" असं स्वच्छ विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "तिथे जरा काम चालू आहे." त्या म्हणाल्या, "माझंही तिथेच काम आहे," आणि चालू लागल्या.

तिथे रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी बायकांना बाजूला व्हायला सांगितलं तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. बाहेर आल्यावर वहीत लिहिलं, 'बाहेरचे दार नाही. फरशी ओली.' मग ताईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "नियमाप्रमाणे गुण कापावे लागतील, बाई. पण सकाळपासून मी हे चौथं गाव बघतेय आणि उघडी मिळालेली ही पहिली."

काल निकाल कळला. ढाल गेली. त्या बाईंनी सांगितलं होतं तरी ताईच्या मनाला लागलं. संध्याकाळी आम्ही बाजारातून जात होतो तर भांड्यांचा दुकानदार गिऱ्हाइकाला मोठ्याने म्हणाला, "आल्या बघा, गावाची ढाल धुऊन टाकणाऱ्या!" आणि हाच माणूस, ज्याच्या आईची अडकलेली पेन्शन ताईने हेलपाटे घालून सोडवून दिली. ताईने मान खाली घातली. तुम्ही कधी बघितलं आहे का तिला मान खाली घालताना? मी नव्हतं बघितलं.

घरी येऊन ती दिवा न लावता बसली. म्हणाली, "ठके, देऊन टाकू का गं दार? मी दमले. चल, तुझ्याकडेच जाऊ. निळे पडदे चालतील मला."

मी तिच्या पायांना तेल लावून दिलं. तिला झोप लागली.

आज सकाळी ती उठायच्या आत मी बाजारात गेले. नगरपालिकेची माणसं दार न्यायला गाडी घेऊन आली होती. मावशी पालकाच्या जुड्या मांडून त्यामागे मांडी घालून बसलेल्या. म्हणत होत्या, "न्या की. आधी भाजी संपू दे. आणि ती संपली की वांगी येणार आहेत." बाकीच्या सगळ्या हसत होत्या, पण एकीचाही हात त्या दारावरून निघत नव्हता. मग मीही जाऊन एका कोपऱ्यावर हात ठेवला. लाकूड ओलं, गार होतं. गाडी रिकामी परत गेली.

तिथून मी सरळ नगरपालिकेत. कारकुनाला म्हटलं, "नोटिशीवर माझंही नाव घाला." तो म्हणाला, "पण आजी, दार काढलं तेव्हा तुम्ही इथे होता का?"

"नव्हते. पण ते परत लावायला याल तेव्हा मी इथे असणार आहे, तसं लिहा."

"असं लिहायला रकाना नाही."

"मग समासात लिहा."

त्याने लिहिलं. हसू दाबून लिहिलं, पण लिहिलं. मी सही केली आणि घरी येऊन ताईसमोर कागद ठेवला. तिने चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि उठून आधी दिवाणखान्याच्या खिडक्या उघडल्या. मग म्हणाली, "सहीतसुद्धा तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पुढचा अर्ज तू लिही." आता आत जाऊन चहा टाकतेय. दोन मोठे कप.

मी इतक्यात परत येत नाही. तुमचे कपडे धोब्याकडे आहेत आणि डबा शेजारच्या काकूंना सांगून ठेवलाय.

पुढच्या सोमवारी आम्हा दोघींना नोटिशीच्या सुनावणीला बोलावलं आहे. त्या दिवशी तुम्ही वकील म्हणून यायचं की तिसरे आरोपी म्हणून, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ठकी